‘फुटला’ या शब्दाविषयीं

गेल्या महिन्यांत शिरवळास एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता नीरा ओलांडतो आणि लगेच हें गांव लागतें. जुनी वस्ती, पशुवैद्यक महाविद्यालय आणि कारखान्यांचीं लांबच लांब आवारें हीं आतां एकमेकांना खेटून वाढलीं आहेत, व पाळी सुटण्याच्या वेळीं रस्त्यावर जी गर्दी उसळते ती पाहून आम्हांस हें एखादें लहानसें शहरच वाटलें. आम्ही गेलों त्या दिवशीं सायंकाळीं गांवांत एक व्याख्यान होतें. विषय ‘मराठी संगीत आणि संघटना’. आमच्या स्नेह्यांना व्याख्यानांची आवड आहे, आम्हांस नाहीं. परंतु पाहुण्यास आवडनिवड नसते. आम्ही गेलों, आणि तेथें जें ऐकिलें त्याबद्दल लिहिल्यावांचून आज राहवत नाहीं.

वक्त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. त्यांनीं मांडिलेलें मत त्यांचें एकट्याचें असतें तर नांव घेऊन वाद केला असता. परंतु तें मत आज सुशिक्षितांच्या बैठकींतून सर्रास ऐकूं येतें, आणि ऐकणारे माना डोलावतात, म्हणून झगडा माणसाशीं नसून मताशीं आहे. व्याख्यानाचा आरंभ १६४८ सालच्या सुभानमंगळच्या लढाईपासून झाला. शिरवळांत बोलणाऱ्यानें सुभानमंगळचें नांव न घेतल्यास श्रोते रागावतात, तेव्हां त्याबद्दल तक्रार नाहीं. पण सुभानमंगळावरून वक्ते फितुरीवर आले, फितुरीवरून मराठी माणसाच्या फुटीर वृत्तीवर, तेथून संगीत नाटक मंडळ्यांवर, आणि शेवटीं शिरवळच्याच एका तरुण गायकावर येऊन थांबले. साडेतीनशें वर्षांहून अधिक अंतर त्यांनीं पाऊण तासांत कापिलें!

हा तरुण कारखान्यांत काम करतो. चार वर्षें तो पुण्यांतील एका पांच जणांच्या बँडमध्यें गात असे. गिटार, बेस, ड्रम, की-बोर्ड आणि याचा गळा, असा तो संच. त्यांच्या संगीतास ‘आल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. पर्याय कशास, हें आम्हांस अद्याप कोणीं नीट समजावून दिलेलें नाहीं, पण नांव रूढ आहे आणि रूढ नांवाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. गेल्या वर्षीं तो बँडमधून बाहेर पडला आणि त्यानें आपलीं आठ गाणीं स्वतंत्रपणें प्रसिद्ध केलीं. यंदा गांवच्या एका उत्सव समितीनें त्या जुन्या बँडला सुपारी दिली, आणि याचाहि कार्यक्रम एका संध्याकाळीं ठेविला होता, तो मागाहून रद्द केला. कारण एवढेंच सांगण्यांत आलें कीं, ‘तो फुटलेला आहे, दोघांना एका मांडवांत बोलावणें बरें दिसत नाहीं.’ वक्त्यांनीं समितीच्या या निर्णयाची भरसभेंत वाहवा केली.

त्यांचा युक्तिवाद न्यायानें मांडला पाहिजे. त्यांचें म्हणणें असें: मराठी संगीत रंगभूमि ही मराठी माणसानें उभारलेली एक थोर संस्था, ती मंडळ्यांच्या एकीवर उभी राहिली आणि गवयांच्या अहंकारानें मोडली. केशवराव भोसले फुटले, बालगंधर्व फुटले, मास्टर दीनानाथ फुटले. प्रत्येक फुटीबरोबर एक तुळई गेली आणि शेवटीं छप्पर खालीं आलें. आज बँडमधला पोरगा तेंच करीत आहे, आणि आपण टाळ्या वाजवूं तर उद्यां एकहि संच चार वर्षें टिकणार नाहीं.

या बोलण्यांत आवेश आहे, व तो आवेश खोटा नाहीं. संगीत नाटकाच्या ऱ्हासाचें दुःख आम्हांसहि आहे. पण दुःख खरें असलें म्हणून त्याचें सांगितलेलें कारण खरें ठरत नाहीं. वक्त्यांनीं जीं तीन नांवें घेतलीं तींच घेऊन आम्ही उत्तर देतों. चौथें बाहेरून आणण्याची गरज नाहीं. तिघांपैकीं केशवराव कोल्हापूरचे, बालगंधर्वांचें गांव म्हणून सांगली जिल्ह्यांतील नागठाणें सांगितलें जातें, आणि दीनानाथ गोव्यांतील मंगेशीचे असले तरी त्यांच्या मंडळीचा व संसाराचा बराच काळ सांगलींत गेला. म्हणजे हा इतिहास सातारा-सांगलीच्या माणसास घरचाच आहे आणि तो त्यास चुकीचा सांगितला जावा हें बरें नव्हे.

प्रथम सनावळी पाहूं. केशवराव भोसले लहानपणीं स्वदेश हितचिंतक मंडळींत होते. ‘शारदे’च्या भूमिकेनें त्यांचें नांव झालें. ते बाहेर पडले आणि १९०८ सालच्या पहिल्या जानेवारीस त्यांनीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली. बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले. खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालीं त्याच मंडळीनें केलें, ‘विद्याहरण’ १९१३ च्या मे महिन्यांत त्याच मंडळीनें केलें, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, जुलैंत, बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१८ सालीं अठरा वर्षेंहि पुरीं न झालेले दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह, त्याच किर्लोस्कर मंडळींतून निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली.

आतां विचारूं कीं या तीन ‘फुटीं’नंतर काय झालें. गंधर्व मंडळीनें १९१६ सालीं ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. त्यास चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते बुवा स्वतः बालपणीं किर्लोस्कर मंडळींत होते व पुढें तिच्याबाहेर राहूनच मोठे गवई झाले, हा योगायोग वक्त्यांच्या लक्षांत आलेला दिसत नाहीं. १९१९ सालीं ‘एकच प्याला’ आला. ही नाटकें, तीं पदें, तीं गाण्याची ती रीत, हें सर्व १९१३ च्या नंतरचें आहे. किर्लोस्कर मंडळी तरी त्या दिवशीं मेली काय? मुळींच नाहीं. तिनें गडकऱ्यांचें ‘पुण्यप्रभाव’ १९१६ सालीं केलें. शिवाय बालगंधर्व गेल्यानें जी जागा मोकळी झाली त्या जागेवर एका गोव्याच्या मुलाचा गळा प्रथम ऐकूं आला. तो मुलगा म्हणजे दीनानाथ! मोठ्या झाडाची सावली सरकली म्हणून त्या रोपट्यास ऊन मिळालें. पुढें तेंहि दुसरीकडे लागलें, तर त्यांत नवल काय?

आणि मूळ सांगलीची गोष्ट? विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां सांगलीकरांचा एकच संच होता. मागाहून इचलकरंजीकर, अळतेकर अशा मंडळ्या निघाल्या आणि नाटक गांवोगांव पोंचलें. एकच संच अभंग राहता तर फार चांगलें झालें असतें, असें म्हणणाऱ्यानें आपल्या गांवीं नाटक पोंचलें कसें याचा जरा विचार करावा.

यावर कोणी म्हणेल कीं बालगंधर्वांनीं नवी मंडळी काढली पण गाणें जुनेंच नेलें. तेव्हां फुटीनें कलेंत कांहीं नवें आलें असें सिद्ध होत नाहीं. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि म्हणूनच तिघांपैकीं दीनानाथांकडे आम्ही अधिक बारकाईनें पाहतों. किर्लोस्कर मंडळींत दीनानाथ होते तोंवर त्यांच्यापुढें एकच आदर्श होता, आणि तो स्वाभाविकपणें बालगंधर्वांचा. स्त्रीभूमिका, मृदु लगाव, ओघळत जाणारा सूर. कोवळ्या वयांतला गोड गळा त्या वाटेनें गेला असता तर लोकांनीं त्यास ‘दुसरा गंधर्व’ म्हणून डोक्यावर घेतलें असतें, आणि दहा वर्षांनीं विसरून गेले असते. बळवंत मंडळींतहि आरंभीं त्यांनीं स्त्रीभूमिका केल्या. गडकऱ्यांच्या ‘भावबंधनां’तील लतिका त्यांचीच. पण हळूहळू मंडळीचें वळण बदललें. वामनराव जोशी यांचें ‘रणदुंदुभि’, सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत असतांना लिहिलेलें १९३१ सालचें ‘संन्यस्त खड्ग’ हीं नाटकें आलीं. चालींसाठीं रामकृष्णबुवा वझे आले. आणि दीनानाथांच्या गळ्यांतून जें निघालें तें महाराष्ट्रानें पूर्वीं ऐकिलें नव्हतें. ती तान विजेसारखी येते, मध्येंच सूर सोडून वर झेप घेते, उतरतांना ज्या जागेवर उतरेल असें वाटतें तेथें न उतरतां भलतीकडेच उतरते, आणि तरी सम चुकत नाहीं. ज्यांस मधाची गोडी हवी त्यांना या गाण्यांत कधीं मिरी अधिक वाटते. आम्हांसहि कित्येकदां वाटली आहे. परंतु हें गाणें किर्लोस्कर मंडळींत राहून झालें असतें असें म्हणण्याचें धाडस कोणीं करावें? ज्या मंडळीचा सारा प्रेक्षकवर्ग एका सुराला सरावलेला, त्या मंडळींत दुसरा सूर ‘चुकलेला’ म्हणूनच गणला जातो. तो चुकलेला नव्हे, वेगळा आहे, हें कळण्यास त्यास दुसऱ्या मांडवांत ऐकावें लागतें.

त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांनीं तर हें अधिकच उघड केलें. तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटें. नाटकांत एकेका पदास ‘वन्समोअर’ घेत घेत अर्धा तास लावणाऱ्या गवयाला तेवढ्यांत आपलें म्हणणें संपवावें लागे. रंगभूषा नाहीं, शालू नाहीं, पडदा नाहीं, समोर गांवचा सावकार माडीवर बसलेला नाहीं, नुसता आवाज. दीनानाथांच्या तबकड्या ऐकतांना पहिल्या दहा पळांतच कळतें कीं हा कोणाच्या मंडळींतला, याला आतां महत्त्व उरलेलें नाहीं. कंपनीचा पडदा गळून पडला म्हणजे माणसाजवळ स्वतःचें काय उरतें, याची ती एक परीक्षाच होती. एकल गायनाचा संग्रह काढणाऱ्या आजच्या प्रत्येक गायकाची परीक्षा हीच आहे, आणि टीकाकारानें पाहावयाचें तें हेंच. ‘याला सोडण्याचा हक्क होता काय’ हा प्रश्न कोर्टाचा. ‘सोडल्यावर यानें काय गाइलें’ हा आमचा. वक्त्यांनीं त्या तरुणाच्या आठ गाण्यांपैकीं एकहि ऐकिलें नव्हतें. हें आम्ही तर्कानें लिहीत नाहीं. व्याख्यान संपल्यावर आम्हीं विचारिलें आणि त्यांनीं प्रांजळपणें सांगितलें.

आतां छप्पर कोसळल्याची गोष्ट. मंडळ्या मोडल्या हें खरें; पण फुटीनें मोडल्या काय? १९३१ सालीं बोलपट आला, पुढच्याच वर्षीं मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि ज्या पैशांत नाटकाचें मागचें बाकडें मिळत असे त्या पैशांत हलतीं चित्रें गाऊं लागलीं. त्यांत भर कर्जाची. गंधर्व मंडळीच्या अत्तरांच्या, भरजरी शालूंच्या आणि गालिच्यांच्या कथा आपण कौतुकानें सांगतों. त्या कथांची दुसरी बाजू सावकाराच्या वहींत होती. टेंबे दोनएक वर्षांत बाहेर पडले, पुढें बोडसहि गेले, आणि हिशेब विचारणारें जवळचें माणूस उरलें नाहीं. बळवंत मंडळी बोलपटाकडे वळली, सांगलीस १९३४ सालीं ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढलें आणि त्यांत बुडाली. दीनानाथ १९४२ सालीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं गेले. ही हकीकत करुण आहे. पण हिच्यांत फुटीचा अपराध कोठें आहे तें आम्हांस सापडत नाहीं. बोलपटानें एकसंध मंडळ्यांनाहि सोडिलें नाहीं. उलट जी मंडळी एका फुटींतून जन्मली ती ललितकलादर्श, केशवराव १९२१ सालीं ऐन तारुण्यांत गेल्यावरहि, बापूराव पेंढारकरांनीं आणि त्यांच्या मागून त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं पुढें कित्येक दशकें चालविली. फुटीर म्हणून जिला नांवें ठेवावयाचीं तीच सर्वांत दीर्घायुषी ठरावी, हें वक्त्यांच्या सिद्धांतास फारच गैरसोयीचें आहे.

आणखी एक तारीख सांगतों. १९२१ च्या जुलैची आठवी. मुंबईंत बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडाकरितां ‘संयुक्त मानापमान’ झालें. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोघेहि आपापली मूळ मंडळी सोडून आलेले. दोघेहि प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक. दोघांचे चाहते एकमेकांचीं डोकीं फोडावयास तयार. तरी एका रंगमंचावर उभे राहिले आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासांत त्या रात्रीस तोड नाहीं असें आजहि बोललें जातें. त्या वेळीं कोणी समिति असती आणि ‘फुटलेल्यांना एका मांडवांत बोलावणें बरें दिसत नाहीं’ असें म्हणती, तर ती रात्र झालीच नसती.

शब्दाचाहि थोडा विचार करूं. ‘फड फुटला’ हा तमाशांतला शब्द, तेथून तो सगळ्या संगीतांत पसरला. घर फुटतें, धरण फुटतें, परीक्षेचा पेपर फुटतो; म्हणून फुटणें म्हणजे नासणें असें आपल्या मनांत बसलें. पण त्याच मराठींत पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो, उजाडण्याच्या वेळीं तांबडें फुटतें, आणि पोरगा वयांत आला म्हणजे त्याला कंठ फुटतो. कंठ फुटलेल्या पोराला आई ‘फितूर झालास’ म्हणून घराबाहेर काढीत नाहीं! भाषेनें दोन्ही अर्थ आपल्या हातीं दिले आहेत. कोणत्या वेळीं कोणता घ्यावा हें कानानें ठरवावयाचें, व कानानें ठरविण्यासाठीं आधीं ऐकावें लागतें.

येथपर्यंत आमचे तरुण वाचक खूष झाले असतील. आतां थोडें त्यांच्याशींहि. कारण दुसऱ्या टोकास एक दुसरी खुळी समजूत फोफावली आहे, आणि तीहि आम्हांस तितकीच असह्य वाटते. ती अशी कीं, बँड म्हणजे तुरुंग, एकटा गाणारा तेवढा खरा कलावंत, आणि त्याचा पहिला स्वतंत्र संग्रह म्हणजे मुक्तीचा जाहीरनामा. या लोकांस आम्ही नम्रपणें विचारतों: एकटें गाणें म्हणजे काय? शाहीर पुढें उभा राहून कवन म्हणतो, पण मागें झीलकरी कानावर हात ठेवून झील ओढीत नसेल तर शाहिराचा सूर टिकेल किती वेळ? तुणतुण्यावाला रात्रभर एकच स्वर छेडीत बसतो आणि बक्षिसाच्या वेळीं त्याचें नांव पुकारावयाचें राहून जातें. बालगंधर्वांचें गाणें म्हणून जें आपण ऐकतों त्यांत अहमदजान थिरकवांचा तबला आहे, कादरबक्षांची सारंगी आहे. त्या काळच्या तबकडीवर गवयाचें नांव ठसठशीत, नाटकाचें नांव त्याखालीं. चाल कोणाची, ठेका कोणाचा, हें बहुधा छापलेलेंच नसे. वाळव्याकडील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आपण आदरानें आठवतों, पण ज्या पवळाबाईच्या गळ्यानें व पायांनीं त्यांच्या लावण्या उभ्या राहिल्या, तिचें नांव त्यांच्या चरित्रांतील एक प्रकरण म्हणूनच घेतों. ‘एकल’ हा शब्द गायकाच्या अंगीं फारसा नसतो; तो छापणाऱ्याच्या सोयीचा असतो.

परदेशचें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. ‘बीटल्स’ हा इंग्लंडांतला चौघांचा संच १९७० सालीं मोडला. त्यांतला जॉर्ज हॅरिसन हा धाकटा. गाण्यांचा बहुतेक वाटा दोघे वडीलधारे उचलीत आणि याच्या वांट्यास तबकडीवर एक-दोन जागा येत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें स्वतंत्र संग्रह काढिला तो तीन तबकड्यांचा! ज्या गाण्यावरून त्या संग्रहास नांव दिलें तें गाणें संचानें १९६९ च्या जानेवारींत तालमींत घेऊन पाहिलें होतें आणि बाजूस ठेविलें होतें. म्हणजे बाहेर पडल्यामुळें त्यास गाणें सुचलें असें नाहीं; सुचलेलें गाणें ऐकवावयास जागा मिळाली. हा झाला आमच्या बाजूचा पुरावा. पण त्याच संग्रहांत वाजविणाऱ्यांचा केवढा मेळा आहे हेंहि पाहा. जुन्या संचांतला ड्रम वाजविणारा रिंगो स्टार त्यांत आहेच. तो बाहेर पडला तो संगतींतून नव्हे, एका विशिष्ट वांटणींतून. हा भेद ज्यास कळला त्यास या वादांतलें बरेंच कळलें.

शिरवळच्या तरुणाचीं आठहि गाणीं आम्हीं दुसऱ्या दिवशीं ऐकिलीं, तीं दोनदां. सर्व चांगलीं नाहींत. पहिलें गाणें तर अजून बँडच्याच आवाजांत गाइलेलें आहे. मागें चार जण असल्यासारखा तो ओरडतो आणि मागें कोणी नसल्यामुळें ओरडणें उघडें पडतें. तिसऱ्या व सहाव्या गाण्यांतली शब्दरचना शाळकरी आहे. यमकासाठीं त्यानें जे इंग्रजी शब्द ओढून आणिले आहेत ते त्याच्या कारखान्यांतले असते तर शोभले असते, पण ते जाहिरातींतले आहेत. मात्र चौथें आणि शेवटचें या दोन गाण्यांसाठीं आम्ही वाटेल त्याच्याशीं भांडूं. चौथ्यांत रात्रपाळी सुटल्यावर बसची वाट पाहणारा माणूस आहे. गाणें जवळ जवळ बोलण्याच्या पट्टींत चालतें, गिटारची एकच तार पुनःपुन्हां छेडली जाते, व मध्यें हमरस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा आवाज त्यानें तसाच राहूं दिला आहे. बँडमध्यें असतांना त्यास सदैव वरच्या पट्टींत गावें लागे, कारण खालच्या पट्टींत तो ड्रमखालीं बुडून जाई. हा खालचा आवाज त्याचा खरा आवाज आहे, आणि तो चार वर्षें कोणीं ऐकिला नव्हता. कदाचित् त्यानें स्वतःहि नाहीं.

एक दोष मात्र आम्हीं त्यास तोंडावर सांगितला व येथेंहि सांगतों. सातव्या गाण्याची चाल बँडच्या तालमींत पांच जणांनीं मिळून बसविलेली आहे. त्यानें तें नाकारलें नाहीं. मग प्रसिद्ध केलेल्या यादींत ती त्याच्या एकट्याच्या नांवावर कां? ‘काका, सगळे असंच करतात,’ तो म्हणाला. करीत असतील. टेंब्यांनीं ‘मानापमाना’च्या चाली केल्या आणि पदें गाणाऱ्यांच्या नांवानें ओळखलीं गेलीं, ही जुनी खोड आहे, पण जुनी म्हणून ती चांगली होत नाहीं. ज्यास मंडळी सोडण्याचा हक्क हवा, त्यानें मंडळींत मिळविलेलें आपलें किती आणि सर्वांचें किती याचा चोख हिशेब द्यावा. वक्त्यांनीं हा प्रश्न विचारिला असता तर आम्ही त्यांच्या पंक्तीस बसलों असतों. त्यांनीं तो विचारिला नाहीं, कारण तो विचारण्यासाठीं गाणीं ऐकावीं लागतात.

समितीच्या चिटणिसांना आम्हीं निघण्यापूर्वीं भेटलों. गृहस्थ सज्जन. त्यांचें म्हणणें कीं बँडमधल्या मंडळींस वाईट वाटेल, उगाच सणासुदीस कटकट नको. बँडला विचारलें काय? नाहीं, पण वाईट वाटणारच. आम्हीं त्यांना संयुक्त मानापमानाची गोष्ट सांगितली. त्यांनीं ती ऐकून घेतली, चहा दिला, आणि पत्रिका अजून छापावयास गेलेली नाहीं एवढें सांगितलें.

आतां राहिली एक गोष्ट. त्या व्याख्यानास मागच्या रांगेंत एक मुलगा बसला होता. आम्ही बाहेर पडतांना तो आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. तो त्याच बँडचा ड्रम वाजविणारा. ‘फुटला, फुटला म्हणत होते ना ते,’ तो म्हणाला, ‘त्याच्या आठांतल्या दोन गाण्यांत मीच वाजवलंय, काका. दोन रविवार त्याच्या खोलीवर जाऊन.’ समितीस हें ठाऊक नाहीं. ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं; त्या दोन गाण्यांखालीं त्याचें नांव छापलेलें नाहीं.